तौक्तेत घरावर आंबा पडला आणि पॉलिसीत भलतंच घर निघालं : एका घरविम्याचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण माझ्या आजोळचं आहे, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, कंपनी-बँकेचंही नाही, पण बाकी जे झालं ते आकड्यांसकट लिहितेय. कारण हल्ली मी ओळखीच्यांच्या घरी गेले की घराच्या विम्याची पॉलिसी बघायला मागते आणि जवळजवळ सगळीकडे तेच दिसतं, कागदावर एक घर आणि आपण बसलोय ते दुसरंच. आजोळच्या घराने हे आम्हाला लाखांत शिकवलं, दुसऱ्यांना ते फुकटात कळावं एवढीच इच्छा.

आधी घर. चिऱ्यांच्या भिंती, पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, वर सगळी मंगळुरी कौलं. २०१२ साली आजोबांनी मोठी डागडुजी काढली, बँकेचं कर्ज घेतलं आणि कर्जाबरोबरच बँकेतून दहा वर्षांची घराची विमा पॉलिसी पण झाली, प्रीमियम एकदम कापून. विम्याची रक्कम १८ लाख. फॉर्म बँकेतल्या माणसाने भरला, आजोबांनी जिथे पेन्सिलने खूण होती तिथे सह्या केल्या, आणि पॉलिसी घरी आली ती लाइटबिलं आणि लग्नपत्रिका ठेवायच्या कापडी पिशवीत गेली. पुढची नऊ वर्षं तिथेच.

त्या नऊ वर्षांत घर काही थांबलं नाही. २०१६ मध्ये मागच्या बाजूला मामांनी स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या, बाथरूमसकट, हरमल-मांद्रेला येणाऱ्या पर्यटकांना द्यायला. २०१८ मध्ये आजोबा गेले. २०१९ मध्ये कर्ज फिटलं, आजीने देवापुढे नारळ ठेवला. मधे कधीतरी पंचायतीने घरांचे नंबर बदलले, घरपट्टीवर नवा नंबर यायला लागला. आजोबांचा मोबाइल नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला. यातलं एकही विमा कंपनीला कळवलेलं नव्हतं. कुणी लपवलं असं अजिबात नाही, घरात बारसं-लग्न-मयत झालं की आपण सगळ्या गावाला कळवतो, पण विमा कंपनीला कळवायचं असतं हे कुणाच्या मनातच येत नाही.

१६ मे २०२१

रविवार होता. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यासमोरून वर सरकत होतं, शनिवार रात्रीपासूनच वाऱ्याचा आवाज असा की आजी झोपली नाही. वर करोनाचा कर्फ्यू ९ मेपासून लागलेला, त्यामुळे कुणी कुणाकडे जाऊ शकत नव्हतं. सकाळी मागचा मानकुराद आंबा मुळासकट कलला आणि स्वयंपाकघर आणि पडवीवर आडवा झाला. आजी पाचच मिनिटं आधी चहाचं आधण घेऊन माजघरात आली होती म्हणून वाचली. मी फोटो बघितले ते अजून डोळ्यासमोर आहेत, आढं मधोमध मोडलेलं, वासे खाली लोंबकळणारे, आणि गॅसच्या शेगडीवर कौलांचे तुकडे आणि त्यात फुटलेले पिकलेले आंबे, कारण झाड फळांनी भरलेलं होतं. अग्निशमन दलाची माणसं दुसऱ्या दिवशी करवत घेऊन आली, त्या दिवसांत त्यांना ठिकठिकाणी बोलावणी होती तरी आली, आणि झाड कापून गेली. तलाठ्यांनी पंचनामा केला. वीज चार दिवस नव्हती, मामा मोबाइल गाडीत चार्ज करायचे.

इथे एक गोष्ट मामांनी नीट केली ती सांगते. झाड कापायच्या आधीच त्यांनी चारही बाजूंनी फोटो काढले, आणि अग्निशमन दलाचा रिपोर्ट आणि पंचनाम्याची प्रत मागून घेतली. पुढे "वादळानेच पडलं कशावरून" हा प्रश्न कुणी विचारलाच नाही तो यामुळे.

मग पिशवीतून पॉलिसी काढली, वरचा टोल फ्री नंबर लावला.

"पॉलिसीधारक बोलतायत का?"

मामा म्हणाले, "ते माझे वडील. ते आता नाहीत."

मग पलीकडून सहानुभूतीचे दोन शब्द, आणि लगेच, पडताळणीसाठी रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवतोय. तो ओटीपी गेला आजोबांच्या बंद नंबरवर. तीन दिवस नुसतं क्लेम नोंदवायला गेले, शेवटी मी पॉलिसीची प्रत, मृत्यूचा दाखला आणि फोटो जोडून ईमेल केला तेव्हा क्लेम नंबर मिळाला. वर प्लास्टिकची ताडपत्री आणि खाली एक म्हातारी बाई, अशा वेळी तीन दिवस म्हणजे काय ते ज्याच्या घराचं छप्पर गेलंय त्यालाच कळेल.

सर्वेअर आले

एक लाखावरचं नुकसान असलं की परवानाधारक सर्वेअरने, म्हणजे नुकसान मोजणाऱ्या माणसाने, पाहणी करायची असा विमा कायद्याखालचा नियम आहे. आठेक दिवसांनी सर्वेअर साहेब आले, मास्क लावून, हातात टेप आणि पॅड. माणूस चांगला होता, आजीशी नीट बोलला, चहा घेतला. पण त्यांनी पॉलिसी उघडली आणि एकेक ओळ वाचून समोर बघायला लागले तसा मामांचा चेहरा उतरत गेला.

बांधकाम : आरसीसी स्लॅब. वर बघितलं तर कौलं. बँकेतल्या माणसाने २०१२ मध्ये सरसकट तेच लिहिलं असणार. सुदैवाने याचा फार त्रास झाला नाही, कारण कौलारू घर म्हणजे विम्याच्या भाषेत कच्चं नव्हे. कच्चं म्हणजे फळ्या, झावळ्या, गवत, बांबू, ताडपत्री असलं. त्यामुळे मागे झावळ्यांचा मांडव किंवा शेड घातलेली असेल तर ती वेगळी सांगायला हवी हे तेव्हा कळलं. तरी सर्वेअरनी रिपोर्टात तफावत लिहिली, आणि कंपनीने त्यावर खुलासा मागवला, त्यात गेले वीस दिवस.

घर नंबर : जुना. पंचायतीकडून "जुना नंबर तोच हा नवा नंबर" असा दाखला आणला, सोबत एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचा, उतारा जोडला.

वापर : राहण्यासाठी. मागे दोन खोल्या, दारावर आतून कडीशेजारी "चेक आउट ११ वाजता" असा कागद चिकटवलेला. सर्वेअरनी विचारलं, मामांनी खरं सांगितलं. इथे आम्ही थोडक्यात वाचलो. त्या जुन्या पॉलिसीत अशी अट होती की वापर असा बदलला की धोका वाढतो, आणि कंपनीची लेखी मान्यता घेतलेली नाही, तर त्या भागाचं संरक्षणच थांबतं. पण करोनामुळे खोल्या कित्येक महिने बंद होत्या, नुकसान झालेला भाग वेगळा, स्वयंपाकघराचा, तिथे घरचीच माणसं. म्हणून ते निभावलं. झाड दहा फूट पलीकडे पडलं असतं तर मी हे वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

बँकेचं नाव : पॉलिसीवर बँकेचा हक्क नोंदलेला होता, म्हणजे क्लेमचे पैसे आधी बँकेला. कर्ज फिटून दोन वर्षं झालेली. बँकेने नाहरकत दाखला तेव्हाच दिला होता, तो सापडला (लग्नपत्रिकांच्यात), पण त्याची प्रत विमा कंपनीकडे कधी गेली नव्हती. कर्ज फिटलं की गहाण सोडवायचं लोकांना माहीत असतं, पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढायचं मात्र राहून जातं.

नावाचा गुंता, खास गोव्याचा

पॉलिसी एकट्या आजोबांच्या नावावर. आता वारसाहक्काने घर पुढच्या पिढीकडे गेलं म्हणून ती पॉलिसी तुटत नव्हती, तेवढी सोय त्या अटींमध्येच होती. पण पैसे द्यायचे कुणाला? मामांना वाटलं घर आपण सांभाळतो, आपल्याच खात्यात येतील.

गोव्यात ते तसं नाही. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची पद्धत अजून चालते, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, अर्धी त्याची अर्धी तिची. म्हणजे घर अर्धं आजीचं होतंच, लग्नाच्या दिवसापासून. आजोबा गेल्यावर त्यांच्या अर्ध्यात वाटेकरी मामा, माझी आई आणि मावशी, मुलींना मुलग्याइतकाच वाटा. आणि त्या प्रत्येकाचं लग्न झालेलं, म्हणजे मामी, माझे बाबा आणि मावशीचे यजमान यांचाही संबंध आला. कंपनीने सगळ्यांच्या संमतीचे कागद मागितले, त्याआधी सब-रजिस्ट्रारकडे वारसांचा दस्त. तो आजोबा गेल्यावर लगेच करायचा होता, "करूया सावकाश" म्हणून तीन वर्षं राहिलेला. कर्फ्यू शिथिल होईपर्यंत थांबावं लागलं, मग मावशी साखळीहून, आम्ही फोंड्याहून, सगळे पेडण्याला गोळा. घरात भांडण नाही, सगळे एकमेकांना धरून, तरी दोन महिने गेले. जिथे भावंडं बोलत नाहीत तिथे हे पैसे किती वर्षं अडकत असतील याचा विचार करूनच मला कसंतरी होतं.

आणि मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. पन्नासहून जास्त वर्षं त्या घरात राबलेली, अर्ध्या घराची मालकीण असलेली आजी, तिचं नाव पॉलिसीत कुठेच नव्हतं. ती विचारायची, "माजें नांव खंय आसा गो त्या कागदार?" काय उत्तर देणार.

हिशोब

सुताराने आणि गवंड्याने मिळून ४ लाख १० हजारांचा अंदाज दिला. वासे, रिपा, कौलं, आढ्याचं लाकूड, भिंतीचा वरचा भाग, वायरिंग. सर्वेअरनी लाकूड जुनं म्हणून घसारा काढला, मोडक्या लाकडाची किंमत वजा केली, नुकसान धरलं ३ लाख. इथपर्यंत मामा तयार होते.

पुढचं कुणाला माहीतच नव्हतं. सर्वेअरनी सगळं घर मोजलं, नव्या दोन खोल्यांसकट, आणि त्या दिवशीच्या बांधकामाच्या भावाने घराची किंमत काढली ३० लाख. पॉलिसी १८ लाखांची. म्हणजे विमा घराच्या ६० टक्क्यांचाच, उरलेल्या ४० टक्क्यांची विमा कंपनी तुम्ही स्वतः असं पॉलिसीत लिहिलेलं असतं, त्याला अ‍ॅव्हरेजची अट म्हणतात. म्हणून नुकसानीचे पण ६० टक्केच. ३ लाखांचे झाले १ लाख ८० हजार.

मामा म्हणाले, "अगं पण नुकसान ३ लाखांचं, पॉलिसी १८ लाखांची, मग अडचण कुठे येते?" हा प्रश्न मी नंतर खूप जणांच्या तोंडून ऐकलाय आणि तो अगदी साहजिक आहे. मी त्यांना असं समजावलं की पाच जणांच्या जेवणाचे पैसे भरताना आपण तिघांचेच भरलेत, आता पाचातल्या कुणाच्याही ताटात वाढायचं तर त्यातलं तीन पंचमांशच आपल्या पैशाचं. २०१६ मध्ये खोल्या बांधल्यावर एक पत्र लिहून रक्कम वाढवून घेतली असती तर वर्षाला काही शे रुपये जास्त गेले असते. त्या काही शे रुपयांपायी १ लाख २० हजार गेले, आणि पैसे हातात आले ऑक्टोबर संपता संपता, म्हणजे अख्खा पावसाळा, पेडण्याचा पावसाळा, आजीने पडवीत ताडपत्रीखाली चूल मांडून काढला.

तक्रार करावी का यावर घरात बोलणं झालं. मार्ग असतो, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, आणि तिथे फी नसते. वकिलाचीही गरज नसते. पण मी कागद दोनदा वाचले आणि माझं प्रामाणिक मत असं झालं की गणित बरोबर आहे. फोनवरच्या दिरंगाईबद्दल रागाने पत्र लिहिलं तेवढंच.

नवी पॉलिसी, यावेळी टेप आपल्या हातात

जुनी तशीच पुढे ढकलायची नाही हे ठरलं. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी सगळ्या कंपन्यांना एकच ठरावीक पॉलिसी द्यायला लावली आहे, भारत गृह रक्षा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड हे तर आहेच, बाहेरची वस्तू आदळून होणारं नुकसान पण आहे आणि त्यात पडणारं झाड नाव घेऊन लिहिलेलं आहे. आणि ज्या अटीने आमचे १ लाख २० हजार गेले ती यात नाही. पण म्हणून माहिती कशीही दिली तर चालेल असं समजू नका, कारण घराची रक्कम निघते ती कार्पेट एरिया गुणिले प्रति चौरस मीटर बांधकामाचा खर्च अशी. तुम्ही एरियाच कमी लिहिलात, किंवा दहा वर्षांपूर्वीचा दर धरलात, तर रक्कम कमी आणि घर पूर्ण गेलं तर हातात येणारे पैसे कमी.

दिवाळीआधीच्या एका रविवारी आम्ही घर मोजलं. मामा टेपचं एक टोक भिंतीला धरून, मी दुसरं टोक, मामेभाऊ वहीत लिहितोय, आणि आजी ओटीवर बसून प्रत्येक खोलीला "ही तुझ्या आईच्या जन्माच्या वर्षी काढली" असं सांगतेय. बाहेरच्या भिंतींची जाडी मोजायची नाही, आतली जमीन मोजायची. चिऱ्यांच्या भिंती इतक्या जाड की बाहेरून मोजलं तर केवढा फरक पडतो ते तेव्हा दिसलं. घर ११८ चौरस मीटर भरलं, स्लॅबच्या खोल्या वेगळ्या. २२ हजारांचा दर धरून २५ लाख ९६ हजार. मामांना ते कमी वाटलं, कारण किनाऱ्याजवळच्या जमिनीचे कोटीतले भाव डोक्यात असतात. पण जमीन जळत नाही नि वाहून जात नाही, विमा फक्त पुन्हा बांधायच्या खर्चाचा. जमिनीची किंमत मिळवून रक्कम फुगवली तर प्रीमियम वाया.

सामानाचं, इमारतीबरोबर सामान पण घेतलं तर इमारतीच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देता धरलं जातं. आम्हाला ते पुरलं. आजीचं सोनं मात्र त्यात येत नाही, त्याला वेगळं कव्हर आणि वेगळी यादी लागते, ती केली.

पर्यटकांच्या खोल्यांचं मामांना आधी सांगायचंच नव्हतं, प्रीमियम वाढेल म्हणून. मी एकदाच बोलले की मामा, तो दारावरचा कागद सर्वेअरला पुन्हा दिसणारच आहे. मग त्यांनीच पुढाकार घेतला, पर्यटन खात्याकडे खोल्यांची नोंदणी केली, जी १९८२ च्या कायद्याप्रमाणे आधीच करायला हवी होती, आणि कंपनीला लेखी कळवलं. कंपनीने त्या खोल्यांची वेगळी, छोट्या धंद्यांसाठीची पॉलिसी दिली. घराची वेगळी, खोल्यांची वेगळी. दोन्हींचा मिळून प्रीमियम मामांना वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला.

नावं : पहिलं आजीचं, मग सगळ्या वारसांची, स्पेलिंग आधारवर आहे तेच. हे बारीक वाटतं पण २०२३ पासून नवीन विमा घेताना केवायसी सक्तीची आहे, आणि आजीचं नाव आधारवर एक, बँकेच्या पासबुकात दुसरं होतं, ते आधी सरळ करून घेतलं हे बरं झालं. मोबाइल नंबर दोन दिलेत, मामांचा आणि मामेभावाचा. ईमेल घरच्यांपैकी तिघांना उघडता येतो असा.

आणि बदल कळवायची वेळ आम्ही शाकारणीला बांधून घेतली. मे महिन्यात कौलं चाळायला शिडी लागते, माणूस वर चढतो, सगळं घर तपासलं जातंच, त्याच दिवशी पॉलिसी काढून ओट्यावर मोठ्याने वाचायची. काही बदललं असेल तर ईमेल, आणि कंपनीकडून बदलाचा कागद, ज्याला एंडोर्समेंट म्हणतात, तो आल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. फोनवर "हो सर नोंद केली" याला काही अर्थ नाही, नोंद झाली तर कागद येतो. २०२३ मध्ये छपरावर सोलर पॅनेल बसवले ते असेच कळवले, कागद अकरा दिवसांनी आला.

यंदा आजी पावसाळ्यात दोन महिने मावशीकडे साखळीला राहणार आहे आणि मामा-मामी मुलाकडे, म्हणजे घर बंद. जुन्या पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर संरक्षण थांबायचं, नव्यात काय आहे ते मामांनी स्वतःच वाचलं आणि कंपनीला तारखांसकट मेल टाकला, शेजाऱ्यांकडे किल्ली आहे आणि ते आठवड्यातून दोनदा बघून जातील हे पण लिहिलं. मेल पाठवायच्या आधी त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला. मागून आजीचा आवाज आला, "माजें नांव घातलंय मरे?" मामा म्हणाले, पहिलंच तुझं आहे.